पॅकेजने दुखणं जाणार नाही

"सरकारने पॅकेज दिलं की विमान कंपन्या सावरतील" हे मत काही पटलं नाही. 2022 मध्ये सरकारच्या कर्जहमी योजनेत (कर्ज बुडालं तर बँकेला सरकार भरपाई देतं) विमान कंपन्यांची कर्जाची मर्यादा 1500 कोटींपर्यंत वाढवली होती. तरी मे 2023 मध्ये गो फर्स्ट या विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज करून हात वर केलेच (इंजिनं बिघडल्याचं रडगाणं होतं, मान्य). तिकीट रुपयांत विकायचं, भाड्याने घेतलेल्या विमानांचं भाडं डॉलरमध्ये भरायचं, त्यात इंधन जीएसटीबाहेर. दर राज्याचा व्हॅट निराळा आणि त्याचं क्रेडिटही मिळत नाही, म्हणजे भरलेला व्हॅट पुढच्या करातून वजा होत नाही. आमच्या गोव्यात नाताळात दाबोळी-मोपा विमानतळांची तिकिटं गगनाला भिडतात, भर पावसात त्याच सीटा पडेल भावाने काढाव्या लागतात. कंपनीला विमानाचं भाडं मात्र बारा महिने चालूच. आधी इंधन जीएसटीत आणा, मग कर्जाचं बघू.