मॉरिशसमध्ये ‘आपले’ नेमके किती?

माडाखालची : काल इथे कुणी लिहिलंय, ‘मॉरिशस म्हणजे छोटा भारत, 52 टक्के आपली माणसं, बाकीचे उपरे.’ वाचून झोप उडाली. हा हिंदूंचा आकडा 1972च्या जनगणनेचा आहे. त्यानंतर तिथल्या जनगणनेत कुणाला समाज विचारलेलाच नाही. संविधानात कप्पे चार : हिंदू, मुस्लिम, चिनी आणि या तिघांत न बसणारे ते ‘जनरल पॉप्युलेशन’. मादागास्कर-मोझांबिकहून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज आणि गोरे मळेवाले, दोघेही त्या चौथ्या कप्प्यात! बेटावर मूळची वस्तीच नव्हती. मग उपरा कोण?

सह्याद्रीपुत्र : ते मीच लिहिलं होतं. धर्म अजून विचारतात, ताई. 2011 साली हिंदू 48 टक्क्यांच्या वर होते. 1968पासूनचे पंतप्रधान मोजा, 2003 ते 2005चे बेरांजे सोडले तर सगळे हिंदू. तिथल्या बंदरात, आप्रवासी घाटावर साडेचार लाख गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) उतरले. आमच्या पणजोबांचे चुलते मुंबईहून बोटीत बसले, ते परत आलेच नाहीत. मी त्यांना परकं म्हणू?

दगडूशेठ_नव्हे : ‘हिंदू’ तरी एक आहेत का? तमिळ, तेलुगू, मराठी सगळे त्याच कप्प्यात. 1998मध्ये नोटांवर हिंदी तमिळच्या वर छापली, तमिळ लोक खवळले आणि नोटा मागे घ्याव्या लागल्या. राहता राहिले मराठी. घरी क्रेओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली) बोलतात, मराठी फक्त आडनावात. कशाला उगाच अभिमान?

वाकोआला_होते : हे मात्र सहन होणार नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं राहिलेय तिथे. शेजारच्या आजींना मराठीत धड दोन वाक्यं बोलता येत नसत. पण चतुर्थीला (तिथे सार्वजनिक सुट्टी असते) रोमन अक्षरांत लिहिलेला, तेलाने पारदर्शक झालेला आरतीचा कागद त्या हातात धरायच्या आणि एक कडवं गाळायच्या नाहीत. आपली कोकणातली जाखडी, तिला ते झाकरी म्हणतात. पोरं घाम निथळेपर्यंत नाचतात. तुम्ही कोण त्यांची मराठी मोजणारे?

दगडूशेठ_नव्हे : पाठांतर म्हणजे भाषा नव्हे. माझी स्वतःची मुलगी जर्मनीत वाढतेय, आरती पाठ आहे, पण आजीशी फोनवर बोलता येत नाही. त्याचं दुःख मला विचारा.

वाकोआला_होते : तिची आजी फोनवर आहे तरी. मॉरिशसच्या मराठी माणसांची नाळच तुटली 1834नंतरच्या मजुरांच्या बोटींत. आणि 2012पासून शाळेत क्रेओलही ऐच्छिक विषय झाला, मराठीच्याच तासाला. एक घेतली की दुसरी सुटते. सहा वर्षांच्या पोराने आईची भाषा निवडायची की खापरपणजीची?

माडाखालची : अहो, मूळ मुद्दा! निवडणुकीनंतर समाजांचा तोल राखायला हरलेल्या उमेदवारांना ‘बेस्ट लूझर’ म्हणून जास्तीत जास्त 8 जागा देतात, त्या अजून 1972च्या आकड्यांवर वाटतात. उमेदवाराने अर्जात समाज लिहायचा. आई तमिळ, वडील क्रेओल (त्या गुलामांच्या वंशातले) असतील तर काय लिहायचं? 2014ला एका निवडणुकीपुरती सूट दिली, तेवढंच.

सह्याद्रीपुत्र : म्हणजे नव्याने मोजा की! आकडे लपवून भांडणं मिटतात का?

माडाखालची : मोजलं की वाटणी मागतात. 1999मध्ये काया हा क्रेओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटलं. तिथे घरोघर फिरून जात-जमात विचारायची?

सह्याद्रीपुत्र : ‘उपरे’ हा शब्द चुकला, मागे घेतो. 52 टक्केही जुने, मान्य. पण पणजोबांच्या चुलत्यांची माणसं तिथे असतील तर ती माझीच आहेत, हे मागे घेणार नाही.

वाकोआला_होते : मग जाऊन भेटा. आणि बोलायला थोडी क्रेओल शिकून जा.