मदत हवी आहे: आई-बाबांसोबत केप रेंज नॅशनल पार्क (निंगलू, पश्चिम ऑस्ट्रेलिया)

नमस्कार मंडळी,

आम्ही पर्थला असतो. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आई-बाबा इथे आहेत, तेव्हा पार्काजवळच्या एक्समाउथ गावाचा बेत आहे. साडेबाराशे किलोमीटर गाडीत बसणं त्यांना झेपणार नाही, म्हणून लर्मंथपर्यंत विमान आणि पुढे भाड्याची साधी गाडी. पार्कात तंबू ठोकायला आईने साफ नकार दिलाय, तेव्हा मुक्काम गावातच.

गाडं अडलंय पार्कातल्या टर्क्वॉइज बे या किनाऱ्यावर. बाबा मालवणचे, पोहण्यात पक्के. पण वाचलं ते असं, की दक्षिणेच्या टोकाला पाण्यात उतरायचं, प्रवाह आपसूक प्रवाळांवरून उत्तरेला नेतो, आणि वाळूचा दांडा यायच्या आत बाहेर पडायचंच. पुढे रीफमध्ये (प्रवाळांच्या भिंतीत) खिंडार आहे, तिथून पाणी उघड्या समुद्राकडे ओढतं. आणि आमच्या बाबांचं "जरा पुढे बघून येतो" कधी संपत नाही! त्यांना तिथे न्यावं का? की पार्कातलाच ऑयस्टर स्टॅक्सचा किनारा बरा? तिथे म्हणे भरतीलाच उतरायचं, ओहोटीला पोट प्रवाळावर घासतं.

दुसरं, आईचे गुडघे. मंडू मंडूची घळ दगडगोट्यांची, म्हणून बाद. घळ आणि वॉलबी दोन्ही तिला फार न चालता कुठे दिसतील?

व्हेल शार्कसोबत पोहण्याचे दर बघून तो विषय आम्ही घरात बंद केलाय.

प्रतिसाद

बाबांना टर्क्वॉइज बेला जरूर न्या, पण 'ड्रिफ्ट'च्या, म्हणजे त्या प्रवाहाच्या बाजूला नको, शेजारच्या 'बे'च्या बाजूला. पाणी निवांत, खाली वाळू, मधेमधे प्रवाळाचे गड्डे, त्यांच्याभोवती मासेच मासे. जाताना पार्काच्या मिल्यरिंग माहिती केंद्रात थांबून त्या दिवशीचा वारा, प्रवाह, भरतीची वेळ विचारा. ऑयस्टर स्टॅक्सला चढायला-उतरायला धारदार खडक आहेत, वयस्कर माणसांना मी सुचवणार नाही. जुलैत पाणी गार असतं, वेटसूट घ्याच.

आईंसाठी पार्कातल्या यार्डी क्रीक या खाडीतली बोटफेरी. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, आणि मधल्या कपारींत काळ्या कुशीचे रॉक वॉलबी. पहिले दिसायला वेळ लागतो, कारण दगड आणि प्राणी एकाच रंगाचे; एकदा कान हलला की मग भराभर सापडतात. तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे, खाडीपलीकडे मात्र साधी गाडी घालू नका.

पार्कात पिण्याचं पाणी मिळत नाही, फोनला रेंज नाही. आणि सूर्यास्ताआधी गावात परता; कांगारू नेमके अंधार पडतानाच रस्त्यावर येतात.

धागाकर्ती

खूप आभार! 'बे'ची बाजू पक्की. यार्डीच्या बोटीत चढायला पायऱ्या आहेत का, आणि गाडीतळापासून किती चालावं लागतं? कुणी गुडघेदुखीवाल्यांना नेलं असेल तर सांगा, मगच तिकिटं काढते.