चरखी दादरी: सगळं खापर इंग्रजीवर का?

मिहिर_वसई
विमान अपघातांचा विषय निघाला की हरियाणातल्या चरखी दादरीवर झालेली दोन विमानांची हवेतली टक्कर येतेच, आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य: "कझाक वैमानिकांना इंग्रजी येत नव्हतं." मला हे निदान अपुरं वाटतं.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून निघालेलं सौदिया या सौदी कंपनीचं जंबो १४,००० फुटांवर. समोरून येणाऱ्या कझाक इल्युशिनला १५,००० फुटांपर्यंतच उतरायची परवानगी. ते त्या उंचीच्याही खाली आलं, दोन्ही विमानं धडकली आणि मिळून ३४९ माणसं गेली.

आता आतली व्यवस्था पाहा. कझाक विमानात जमिनीवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलरशी बोलत होता रेडिओ ऑपरेटर, विमान चालवत होते दुसरे. ऑपरेटरसमोर स्वतःचं उंचीमापक नव्हतं, त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावं लागायचं. "१५० गाठलं" (म्हणजे १५,००० फूट) असं त्याने कळवलं. त्या इंग्रजीत काय चूक होती? विमान मात्र तिथे थांबलं नाही. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान दिसे, त्याची उंची दिसत नसे. मग कंट्रोलरला कळणार कसं? त्यात बरंचसं आकाश हवाई दलाकडे, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकच वाट!

सायली_के
असहमत. या अपघाताची चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाने विमान खाली येण्यामागची जी कारणं दिली, त्यात इंग्रजीचं अपुरं ज्ञान आणि त्यामुळे सूचनेचा चुकीचा अर्थ लावला जाणं हे स्पष्टपणे आहे. शेवटच्या संवादात कंट्रोलरने सौदियाची माहिती देताना "लेव्हल १४०", म्हणजे १४,००० फूट, म्हटलं होतं. भाषा चाचपडत ऐकणाऱ्याला तो आकडा स्वतःसाठीचा हुकूम वाटू शकतो. हा माझा तर्क आहे, पण तो सहज उडवून लावता येणार नाही. रडार चांगलं असतं तर चूक लवकर दिसली असती. चूक झाली ती कॉकपिटमध्ये.

केदार७२
मिहिर यांच्याशी सहमत. स्पेनचं टेनेरीफ बेट, १९७७, धावपट्टीवर पॅन अॅम आणि केएलएम या कंपन्यांच्या दोन जंबोंची टक्कर, ५८३ मृत्यू. तिथे पॅन अॅमचं "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" हे मोक्याचं वाक्य टॉवरच्या बोलण्याशी एकाच क्षणी आदळलं आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये बरीचशी शिट्टीच ऐकू आली. भाषा कितीही पक्की असो, एका फ्रिक्वेन्सीवर दोघं बोलले की कुणाचंच धड पोचत नाही.

मिहिर_वसई
म्हणूनच चरखी दादरीनंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

सायली_के
यंत्र आलं म्हणजे बोलणं सुटत नाही हो. १ जुलै २००२, जर्मनीतलं उबरलिंगेन, पुन्हा दोन विमानांची हवेत टक्कर. टीकॅस रशियन विमानाला "वर जा" सांगत होतं, कंट्रोलर "खाली या". वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. ७१ जण गेले.

मिहिर_वसई
त्या रात्री तिथलं आकाश सांभाळणाऱ्या झुरिकच्या केंद्रात एकटा कंट्रोलर दोन पडदे सांभाळत होता आणि मुख्य फोन देखभालीसाठी बंद होता. धोका शेजारच्या जर्मन केंद्राला दिसला, पण फोन लागेना. मी व्यवस्था म्हणतो ती हीच.

सायली_के
मग त्याच व्यवस्थेत भाषेची चाचणीही धरा. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांना आणि कंट्रोलरना इंग्रजीची सहापैकी किमान चौथी पातळी हवी, हा नियम २००८ मध्ये लागू झाला, म्हणजे चरखी दादरीनंतर तब्बल बारा वर्षांनी. वाटा आणि रडार सुधारलेत म्हणून ही चाचणी कुठे सैल पडली, तर मला ते चालणार नाही.