मुलाने चेन स्नॅचिंग पाहिलं, दर वेळी वेगळं सांगतोय, खोटं बोलतोय का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
राम मारुती रोडला शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र बाईकवरच्या दोघांनी खेचलं, माझा ९ वर्षांचा मुलगा त्यांच्यासोबतच होता. त्या संध्याकाळी म्हणाला मागच्याने टोपी घातली होती. मग घरात जो येईल तो विचारायला लागला, माझा भाऊ तर "लाल हेल्मेट होतं ना? दाढी होती ना?" करत बसला, आता हा ठामपणे लाल हेल्मेट आणि दाढी सांगतोय. उद्या पोलीस जबाब घ्यायला येणारेत. मिस्टर म्हणतात पोरगं थापा मारतंय. मला काळजी वाटतेय.

उत्तर १ (ऐरोली, एमए सायकॉलॉजी):
ताई तो थापा मारत नाहीये. 1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा स्पीड विचारला. ज्यांना "जोरात आदळल्या" असं विचारलं त्यांनी सरासरी ताशी 41 मैलांच्या आसपास सांगितला, "धडकल्या" वाल्यांनी 34. पुढच्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फिल्ममध्ये नव्हतीच, तरी "आदळल्या" वाल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, "धडकल्या" वाल्या 50 पैकी 7. कॉलेजच्या मुलांचं हे, मग ९ वर्षांच्या पोराचं काय. आणि तेच तेच विचारलं की मुलांना वाटतं आधीचं उत्तर चुकलं, म्हणून बदलतात. आजपासून घरात कोणीच विचारू नका.

उत्तर २ (कळवा, खात्यातून रिटायर):
त्याला पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 179 आहे, 15 च्या आतल्या मुलाची विचारपूस राहत्या घरीच. येणाऱ्या साहेबांना आधीच सांगा की मामाने हेल्मेट-दाढीचं विचारलं होतं, लपवू नका, तपासाला ते लागतं. आम्ही पूर्वी घाईघाईत "काळा की गोरा, उंच की बुटका" असं विचारायचो, त्यात साक्षीदार आमच्याच तोंडचं बोलायचा, हे फार उशिरा कळलं. मुलाला एवढंच सांगायचं, "काय झालं ते सुरुवातीपासून सांग, आठवत नसेल तर माहीत नाही म्हण." मध्ये तोडायचं नाही. ओळख परेड झालीच तर त्यात तो माणूस नसेलही, हेही सांगायचं, नाहीतर पोरं कोणाकडे तरी बोट दाखवतात.

उत्तर ३ (कोपरखैरणे, शिक्षिका):
वर्गात मारामारी झाली की मी आधी सगळ्यांना वेगवेगळं बसवून लिहायला लावते, बोलायचं नंतर. एकत्र विचारलं की जो जोरात बोलतो त्याचीच गोष्ट सगळ्यांची होते.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल साध्या कपड्यातल्या मॅडम आल्या होत्या, मामाचं मी आधीच सांगितलं. त्यांनी याला कागद दिला, याने रस्ता काढला, बाईक काढली, मागच्याच्या डोक्यावर टोपी काढली. हेल्मेट तरीही लालच रंगवलं, पण पुढच्याला. दाढीचं विचारलं तर बराच वेळ पेन्सिल चावत बसला आणि म्हणाला, "माहीत नाही." मॅडमनी तेही तसंच लिहून घेतलं.