शब्दचर्चा : ‘स्टीमी रोमान्स’ला मराठीत काय म्हणायचं?

आठवी_गल्ली :
राजारामपुरीतल्या आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात इंग्रजी रोमान्स कादंबऱ्यांवर बोलायचं ठरलंय, त्यातल्या ‘स्टीमी’ म्हणतात त्या, म्हणजे पलंगावरचे प्रसंग मोकळेपणाने रंगवणाऱ्या. गटातल्या निम्म्या बायका त्या मोबाइलवर गुपचूप वाचतात आणि उरलेल्या निम्म्या ‘आम्ही नाही बाई वाचत’ म्हणतात. टिपण मराठीत करायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला गाडं अडलं. एकीने ‘चावट’ सुचवला, दुसरीने ‘शृंगारिक’, आणि एका निवृत्त बाईंनी ‘अश्लील म्हणा आणि मोकळ्या व्हा’ असा निकालच लावला. एकाच पुस्तकाला हे तिन्ही शब्द कसे काय लागतात? शिवाय पॅरानॉर्मल (नायक रक्त पिणारा व्हॅम्पायर किंवा लांडगा होणारा माणूस) आणि कंटेम्पररी (नेहमीच्या जगातली साधी माणसं) हे दोन कप्पे मराठीत कसे सांगायचे? जाणकारांनी मदत करावी.

तांबडा_पांढरा :
ताई, आमच्याकडं शब्द तयार हाय की. ‘जाळ अन् धूर संगटच’! फकस्त ‘वाफाळलेली कादंबरी’ तेवढं करू नका. तसलं भाषांतर दिसलं की पुस्तक रंकाळ्यात टाकावं वाटतंय.

शब्दवेल्हाळ :
तिन्ही शब्द लागतात, कारण कोण बोलतंय त्यावर शब्द ठरतो.

‘शृंगार’ हा समीक्षकाचा शब्द. नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत पहिलं नाव त्याचं, स्थायीभाव म्हणजे मुळाची भावना रती, आणि भेद दोन : संभोग आणि विप्रलंभ. म्हणजे भेटीचा तसा ताटातुटीचाही शृंगारच. नायक-नायिका दोनशे पानं एकमेकांसाठी झुरताहेत, बोटही लागलेलं नाही, तरी शास्त्राप्रमाणे कादंबरी शृंगारिक. ‘स्टीमी’ म्हणणाऱ्याला ती चालणार नाही, तो पैसे परत मागेल. दुसरी भानगड अशी की ‘शृंगारिक’ला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्या अभ्यासक्रमात असतात आणि तिथे कुणाची भुवई उंचावत नाही. शाहिराने लिहिलं की शृंगारिक, शेजारणीने वाचलं की चावट!

‘चावट’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द. रागवायचं आणि हसायचं, दोन्ही एकदम करायचं असेल तेव्हाचा. विनोदाला, उखाण्याला, कोट्यांना तो चपखल बसतो. चारशे पानांच्या कादंबरीत दोन माणसं रडतात, भांडतात, घर सोडतात, परत येतात, आणि मध्ये चार प्रसंग पलंगावरचे आहेत, एवढ्यावर सगळ्या पुस्तकाला चावट म्हणणं अन्यायाचं आहे. चहाटळ आणि वाह्यात हे त्याच घरातले शब्द, त्यांच्या खोलात मी शिरत नाही.

‘अश्लील’ मजेदार आहे. मूळ अर्थ श्री नसलेलं, शोभा नसलेलं. ‘र’चा ‘ल’ झालाय. काव्यशास्त्रात तो शब्दाचा दोष मानला आणि त्याचे तीन प्रकार केले : लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. म्हणजे मंगल प्रसंगी मरणाची आठवण करून देणारा शब्द आला तर तोही अश्लील. आज मात्र हा कोर्टकचेरीचा शब्द झालाय. कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांची एक कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली, त्यावर खटला भरला गेला, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. निवृत्त बाईंना सांगा, अश्लील ठरवणं न्यायाधीशांनाही एका दमात जमलेलं नाही.

माझं मत ‘उत्तान’ला. संस्कृतात उत्तान म्हणजे पाठीवर उताणं पडलेलं, उत्तानपादासनातला तोच. त्यावरून ‘सगळं उघड मांडलेलं’ हा अर्थ आला. त्याच्या समोरचा शब्द ‘सूचक’. ही जोडी वापरली की आपोआप माप मिळतं. सूचकाचा नमुना हवा तर हाल सातवाहन राजाची गाथासप्तशती ही छोट्या कवितांची जुनी पोथी काढा, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली. तिथे पाणपोईवर एक वाटसरू ओंजळीने पाणी पितोय. नजर वर, पाणी घालणारीच्या तोंडाकडे, आणि बोटं मुद्दाम फाकवलेली, म्हणजे पाणी गळत राहील आणि पिणं संपणारच नाही. ती काय करते? धार बारीक करते. बस्स, एवढंच. पदर ढळत नाही, कुणी कुणाला शिवत नाही. त्या धारेपुढे आजची कित्येक पानं थंड वाटतात. हा सूचक शृंगार. तुमच्या कादंबऱ्या ‘उत्तान शृंगाराच्या’.

आता ‘रोमान्स’. त्याला ‘प्रणयकथा’ म्हणायला कोल्हापुरात तरी अडचण येऊ नये. कादंबरीकार ना. सी. फडके इथेच राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते आणि प्रणय हा शब्द त्यांच्या पिढीने मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणून बसवला. फडक्यांच्या ‘कलेसाठी कला’च्या उलट जीवनासाठी कला म्हणणारे खांडेकरही याच गावात राहत होते, ही गंमत वेगळीच. पण सावध : वर्तमानपत्री मराठीत ‘प्रणयदृश्य’ म्हणजे थेट शय्यादृश्य, आणि ‘प्रणयाराधन’ म्हणजे नुसतं मागे लागणं.

बेडगी_मिरची :
मी या कादंबऱ्यांची पट्टीची वाचक आहे, तेव्हा दोन शब्द. वाचणारे लोक ‘स्टीमी’सुद्धा आता कमी म्हणतात. ‘स्पायसी’ म्हणतात आणि पुस्तकाच्या नावापुढे मिरच्यांची चित्रं टाकतात. एक मिरची म्हणजे खोलीचं दार वाचकाच्या तोंडावर बंद. पाच म्हणजे दार, खिडक्या, पडदे सगळं उघडं. मग आपण सरळ ‘तिखट’ का म्हणू नये? आणि मिरची कुठली हे कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही : बेडगी रंगाला, संकेश्वरी ठसक्याला. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा गडी असलेली निम्मी पुस्तकं नुसती बेडगी असतात.

बाकी उत्तान-सूचक ठीक, पण या पुस्तकांचा खरा करार वेगळा आहे. शेवट गोड झालाच पाहिजे. मिल्स अँड बून ही कंपनी १९०८ मध्ये लंडनला निघाली, पुढे नुसत्या प्रेमकथांवर तिचं नाव झालं, ते याच भरवशावर. नायिका मेली, नायक निघून गेला, तर ती कादंबरी असेल, रोमान्स नव्हे. म्हणून प्रसंग कितीही उत्तान असो, त्या प्रसंगानंतर दोघांमधलं काही हललं नसेल तर मी पानं उलटते. तिसऱ्यांदा तेच वर्णन आलं की मला सरळ झोप येते.

पॅरानॉर्मलबद्दल माझी एक तक्रार आहे. नायिका झोपलेली असताना नायक रात्रभर खिडकीतून तिच्याकडे बघत बसतो. तो तीनशे वर्षांचा व्हॅम्पायर असेल तर वाचक उसासे टाकतात. तोच शाहूपुरीतला एखादा पोरगा असता तर गल्लीने धरून चोपला असता. भुताखेतांच्या नावाखाली नायकाचा सगळा दांडगेपणा माफ. उलट आजच्या काळातल्या चांगल्या कादंबऱ्यांत नायक मध्येच थांबून विचारतो, ‘चालेल ना?’ आणि ती ‘थांब जरा’ म्हणते, तो थांबतो. खरं सांगते, त्या थांबण्यात जेवढी धग असते तेवढी दातांत नाही. तरी लांडग्यांच्या कादंबऱ्या मी सोडलेल्या नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

शब्दवेल्हाळ :
‘तिखट’ बोलण्यात झकास, टिपणात घोटाळा करेल. तिखट लेख, तिखट भाष्य अशी सवय आहे आपल्याला. ‘तिखट कादंबरी’ म्हटलं तर वाचक राजकारण्यांची सालटी काढलेली शोधेल.

तांबडा_पांढरा :
ते पण वाचू की.

आठवी_गल्ली :
उत्तान शृंगार पक्का करते, मिरच्या तोंडी सांगेन. पॅरानॉर्मलचं काय? मी ‘अतींद्रिय’ लिहिलं होतं.

शब्दवेल्हाळ :
खोडा. अतींद्रिय म्हणजे इंद्रियांच्या पलीकडचं, आणि या कादंबऱ्यांत इंद्रियांना क्षणाची उसंत नसते. ‘पारलौकिक’ तर नकोच, बाराव्याच्या कीर्तनाला आल्यासारखं वाटेल. ‘अलौकिक’ हे कौतुक आहे, ‘अमानवी’ला क्रौर्याचा वास येतो.

जुना शब्द आहे, ‘अद्भुतरम्य’. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ कादंबरी १८६१ ची. तिच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांना समीक्षक हेच विशेषण लावत आले, कारण इंग्रजीत रोमान्सचा जुना अर्थ तोच होता : चमत्कार, योगायोग, दूरदेशीची साहसं. प्रेमकथा हा अर्थ नंतर चिकटला. तेव्हा ‘अद्भुतरम्य प्रणयकथा’ म्हटलं की रोमान्सचे जुने-नवे दोन्ही अर्थ एका दावणीला येतात. कंटेम्पररीला ‘समकालीन’ लिहाल तर परिसंवाद वाटेल. ‘आजच्या काळातली’ पुरे.

बेडगी_मिरची :
आणि ‘फेटेड मेट’? लांडग्यांच्या कादंबऱ्यांचा सगळा डोलारा त्यावर असतो. नियतीने ठरवलेला जोडीदार, वास आला की ओळख पटते, सुटका नाही.

शब्दवेल्हाळ :
ब्रह्मगाठ. ब्रह्मदेवाने मारलेली, माणसाला न सुटणारी. आपल्या आज्या लग्नाच्या गोष्टी बोलताना वापरत. व्हॅम्पायर मात्र व्हॅम्पायरच ठेवा. ‘रक्तपिपासू’ म्हटलं की तो सावकार होतो.

आठवी_गल्ली :
ब्रह्मगाठ घेतली! रूप बदलणाऱ्या नायकाला ‘इच्छाधारी’ चालेल का? नागिणीमुळे सगळ्यांना माहीत आहे.

बेडगी_मिरची :
मनात येईल तेव्हा रूप बदलणाऱ्याला चालेल. पौर्णिमेला ज्याचा नाइलाजाने लांडगा होतो त्याला नाही, त्याची इच्छा कोण विचारतंय? त्याला ‘लांडगामाणूस’ म्हणा. ‘वृकमानव’ नको, तसल्या नावाच्या गड्याच्या प्रेमात कुणी पडायचं नाही.