लँडस्केप डिझायनर म्हणून पुण्या-बेंगळुरूच्या फर्ममध्ये अर्ज : पोर्टफोलिओत काय हवं?

बीआर्क_टिळकवाडी
बी.आर्क. बेळगावातच झालंय. पुण्या-बेंगळुरूच्या आर्किटेक्चर फर्ममध्ये लँडस्केप टीममधल्या ज्युनियर जागेसाठी अर्ज करायचाय. पोर्टफोलिओत जवळपास सगळे थ्रीडी व्ह्यूच आहेत. एवढ्यावर भागेल? की आधी एम.आर्क. करावं?

आधी_लेव्हल
व्ह्यू दोन ठेवा, बाकीचे काढा. सुरुवातीला तुमच्याकडून ग्रेडिंग (जमिनीचे उतार-लेव्हल ठरवणं), निचरा, प्लांटिंग प्लॅन आणि बीओक्यू (मालाची संख्या-मापांसकट यादी) हेच करून घेतात. त्यापेक्षा एक पोडियम गार्डन, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरची बाग, पूर्ण सोडवून दाखवा.

पार्किंगच्या स्लॅबवर खालून वर असा क्रम : १:१०० उताराचा कोबा, वॉटरप्रूफिंग, ४८ ते ७२ तास पाणी कोंडून तपासणी, त्यावर संरक्षक कोबा, ३० मिमी ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारा प्लास्टिकचा पोकळ थर), जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड), मग माती. लॉनला ३०० मिमी, झुडपांना ४५०-६००, झाडांना ९००-१२००. भिजलेली माती घनमीटरला साधारण १८०० किलो धरा. म्हणजे ४५० मिमी थराचे चौरस मीटरला ८१० किलो झाले. हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मंजूर करून घेतल्याशिवाय रेघ ओढू नका, आणि झाडं कॉलमच्या डोक्यावरच घ्या.

बिघडतं ते कडेला. जिओटेक्स्टाइल भिंतीवर मातीच्या वरपर्यंत वळवायचं सोडून तळाशीच कापतात. माती ड्रेन सेलमध्ये शिरते, आउटलेट तुंबतो आणि जुलैत लॉनची दलदल होते. आउटलेटवर झाकण उघडून बघता येईल असा चेंबर दाखवा. तुमच्या डिटेलमध्ये तो असला, तर मुलाखतीत समोरचा माणूस पान उलटायचं थांबतो बघा.

काळी_तांबडी
वरच्यात भर. सराव प्रकल्पाला साइट आपल्याच जिल्ह्यातली घ्या की. खानापूरकडं जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी माती. बैलहोंगल-गोकाककडं काळी, पीएच बहुतेक ८ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी. तांबड्या मातीच्या नर्सरीतली हिरवीगार इक्झोरा काळ्या मातीत लावली की नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. युरिया ओतून ते सुटत नाही, झाडच बदलावं. काळ्या मातीला करंज, कडुलिंब, बहावा चांगले.

पेव्हिंगलाही तेच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ब्लॉक वरखाली होतात. ती खणून काढून मुरूम १५०-१५० मिमीच्या थरांत पाणी मारून रोलरनं दाबून घ्यायचा. हे सेक्शनमध्ये (उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये) दिसलं पाहिजे.

आणि प्लांटिंग शेड्यूलमध्ये शास्त्रीय नाव हवंच. बहाव्याला इथला कन्नड माळी कक्के म्हणणार, पुण्याचा बहावा. ऑर्डर एकाच झाडाची गेली पाहिजे.

बीओक्यू_वाला
संख्या काढताना नवीन लोक हमखास घसरतात. ४० चौ.मी. वाफा, रोपांत ३०० मिमी अंतर : चौकोनी मांडणीत ४४४ रोपं, तिरक्या मांडणीत (एकाआड एक ओळ सरकवून) ५१३. ड्रॉइंगवर तिरकी आणि बीओक्यूत चौकोनी धरली, तर ६९ रोपं कमी पडतात, साइटवर वाफा विरळ दिसतो आणि फोन तुम्हालाच येतो. वर ५ ते १० टक्के मर धरा. पिशवीचा आकार, रोपाची उंची आणि खोडाची जाडी लिहा, नुसतं ‘मोठं रोप’ लिहिलं तर कंत्राटदार सगळ्यात स्वस्त तेच आणतो.

बीआर्क_टिळकवाडी
धन्यवाद सर. एम.आर्क.चं राहिलं.

आधी_लेव्हल
आधी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी उरका. मग दोनेक वर्षं साइट बघून एम.आर्क. लँडस्केपला जा, पुण्यातही तो कोर्स आहे. लगेच गेलात तर स्टुडिओत मातीचं वजन कुणी विचारत नाही. आणि कर्नाटकातल्या कामात सध्याची झाडं सर्व्हेवर खोडाच्या घेरासकट दाखवायची सवय ठेवा; १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणं तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती यायच्या आत कंत्राटदार जेसीबी घेऊन उभा असतो.