गोळ्यांनी बीपी उतरलं, पण ताठरलेली महाधमनी सैल होते का?

पहाटवारा:
वय ६१. तीन वर्षांपूर्वी बीपी १६८/७२ निघालं. टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन सुरू झालं, आता १३८/७० असतं. मागच्या महिन्यात नाडीलहरीचा वेग मोजला, मानेपासून जांघेपर्यंत: सेकंदाला ११.८ मीटर. दहाच्या वर म्हणजे महाधमनी ताठर, असं डॉक्टर म्हणाले. माझे वडील पक्षाघाताने गेले, त्यामुळे हा आकडा मनातून जात नाही. गोळ्या नुसता दाब उतरवतात, की धमनीही सुधारते? आणि वरचं एवढं उतरलं, मग खालचं तिथंच कसं?

नाडीपरीक्षक:
खालच्याचं आधी सांगतो. लवचीक महाधमनी ठोक्यासरशी फुगते, थोडं रक्त धरून ठेवते आणि दोन ठोक्यांच्या मधे पुढे ढकलते. ती ताठरली की वरचं चढतं, खालचं पडतं. म्हणून दोन्हींतला फरक बघा. तुमचा ९६ होता, आता ६८ आहे. ही फार चांगली गोष्ट आहे!

दाब जास्त असताना भिंतीतल्या चिवट तंतूंवर, म्हणजे कोलॅजेनवर, ताण येतो. दाब उतरला की तो ताण पुन्हा इलॅस्टिन, म्हणजे लवचीक तंतू, पेलतं, म्हणून वेग थोडा लवकरच कमी होतो. शिवाय टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या अँजिओटेन्सिनला, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाला, अडवतात, त्यामुळे कोलॅजेन साठणंही मंदावतं. याला मात्र महिने, वर्षं लागतात. तुटलेलं इलॅस्टिन जवळजवळ भरून येत नाही, हेही सांगायलाच हवं.

सांजसावली:
मी अॅटेनोलॉल घ्यायचे, ही हृदयाचे ठोके सावकाश करणारी बीपीची गोळी. दंडावर बीपी छान यायचं, तरी डॉक्टरांनी गोळी बदलली. कारण नंतर कळलं. बीपीच्या गोळ्यांची तुलना करणाऱ्या २००६ च्या केफ (CAFE) अभ्यासात दंडावरचा दाब दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता, पण महाधमनीतला वरचा दाब अॅम्लोडिपिन-पेरिंडोप्रिलवाल्यांत अॅटेनोलॉलवाल्यांपेक्षा सरासरी ४.३ ने कमी भरला. हृदय सावकाश चाललं की शरीराच्या टोकांकडून परतणारी लहर त्याच ठोक्यात येऊन आदळते. पण कृपा करून हे वाचून कुणी अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती एकदम थांबवणं हृदयाला धोक्याचं असतं, आणि काहींना तीच लागते.

पहाटवारा:
वजाबाकी कधी केलीच नव्हती. वहीत तिसरा रकाना आखला आज. वेग पुन्हा मोजायचा झाला तर काही पथ्य?

नाडीपरीक्षक:
आधी दहा मिनिटं शांत पडून राहा, आणि त्या वेळचं बीपी शेजारी लिहून ठेवा. दाब चढलेला असला तर तीच धमनी जास्त ताठर दिसते.